हरेश्वरदादांच्या पेशी

पेणला आमचं औषधांचं दुकान आहे. सासऱ्यांनी काढलं, आता मी चालवते. दुसऱ्यासाठी औषध न्यायला आलेला माणूस आधी नातं सांगतो. मुलगा, सून, शेजारी, नाहीतर 'त्यांच्याकडे कामाला आहे'. जुलैतल्या एका दुपारी एक उंच, वाळका माणूस दुकानापाशी आला. बाहेरच छत्री झटकली, मिटली, तिचा पट्टा लावला आणि मगच वर बघून म्हणाला, "निर्मला पाटील यांची गोळी आली का?"

ती गोळी काही डोकेदुखीची नव्हती. मुंबईहून मागवावी लागे आणि कुणाच्याही हातात देण्यासारखी नव्हती. म्हणून मी विचारलं, "आपण त्यांचे कोण?"

"दाता."

मला आडनाव वाटलं. "दाते का?"

"दाते नाय. दाता. पेशी माझ्या हायेत."

एवढं बोलून त्यांनी डॉक्टरांची चिठ्ठी काउंटरवर ठेवली आणि तिची चुरगळलेली कड नखाने सरळ केली. मी पाकीट दिलं. त्यांनी त्यावरची संपण्याची तारीख वाचली, मग आतल्या प्रत्येक पट्टीवरची वाचली. सगळ्या तारखा एकच निघाल्यावर थोडे निराश झाल्यासारखे दिसले आणि गेले. ते निर्मलाताईंचे सख्खे भाऊ आहेत हे मला संध्याकाळी ताईंच्या मुलाकडून, प्रसादकडून कळलं.

निर्मलाताई आमच्याच आळीत राहतात. त्यांचा पापडांचा धंदा. पुढच्या पडवीत नऊ बायका पोह्याचे पापड लाटतात आणि ताई प्रत्येक पापड उजेडाकडे धरून बघतात. पलीकडची खिडकी दिसली पाहिजे, नाहीतर तो पापड परत पिठात. अशी बाई आदल्या दिवाळीनंतर लाटता लाटता भिंतीला टेकून बसायला लागली. दंडावर काळेनिळे डाग उठले, हिरड्यांतून रक्त यायला लागलं. ताईंनी ते दात घासायच्या पावडरीवर ढकललं आणि पावडर बदलली. पंधरा दिवसांनी पेणच्या डॉक्टरांनी रक्ताचा रिपोर्ट बघितला आणि चहासुद्धा न पिता मुंबईला जायला सांगितलं.

रक्ताचा कर्करोग होता. त्यातही पेशींमधल्या एका जनुकात बिघाड असलेला. म्हणजे पेशीला 'वाढ' म्हणून सांगणारी जी कळ असते ती चालू राहून अडकलेली. असा आजार औषधांनी मागे हटतो, पण परत यायची घाई त्याला फार असते. मुंबईच्या डॉक्टरांनी केमोथेरपीनंतर दुसऱ्याच्या मूळ पेशी बसवायचं ठरवलं आणि विचारलं, सख्खं भावंड आहे का?

आहे, प्रसाद म्हणाला. पण आईचं आणि मामांचं अकरा वर्षं बोलणं नाही.

प्रसाद रोह्याला मामांकडे गेला तेव्हा हरेश्वरदादा अंगणात सायकलची चेन रॉकेलच्या डब्यात धूत होते. प्रसादने अर्धा तास सगळं समजावून सांगितलं. ते चेन धूत राहिले. मग पुसली, चढवली, पायडल उलटं फिरवून बघितलं आणि म्हणाले, "कधी यायचं?"

"मामा, आधी तुमचं रक्त तपासायला लागेल. जुळतंय का बघायला."

"जुळंल. एकाच आईची हाव आमी."

जुळलं. सख्ख्या भावंडांचंसुद्धा चारातून एकदाच पूर्ण जुळतं, असं डॉक्टर म्हणाले. हरेश्वरदादांना त्यात आश्चर्य वाटण्यासारखं काही दिसलं नाही.

त्यांनी एकतीस वर्षं धाटावच्या एका केमिकल कंपनीत बॉयलर सांभाळला होता. दर तासाला वाफेच्या दाबाचा काटा बघायचा, पाण्याची पातळी दाखवणारी काच बघायची, आकडे लिहायचे. निवृत्त होऊनही शरीरातला तो तास गेला नव्हता. आमच्या दुकानात बसले असले की तास भरताच उठत आणि दाराजवळच्या वजनकाट्याच्या काचेवर नखाने टकटक करत. त्यावर कधी उभे राहिले नाहीत. काटा शून्यावर आहे एवढं बघून परत बसत. माणसाच्या बोलण्यावर त्यांचा विश्वास कमीच होता. "माणूस बरा हाय म्हणतो. काटा काय म्हणतो?" हे त्यांचं ठरलेलं वाक्य. प्रेशर कुकरला मात्र ते घाबरत. ताईंकडे शिट्टी व्हायला लागली की उठून अंगणात जात आणि कुकर उतरल्यावर आत येत. मी एकदा विचारलं, बॉयलरशेजारी आयुष्य काढलं आणि कुकरला भिता?

"बॉयलरला काटा व्हता," ते म्हणाले. "याला काय हाय? बोंब."

पेशी काढायच्या आधी पाच दिवस त्यांना इंजेक्शनं दिली. हाडांच्या मज्जेतल्या मूळ पेशी रक्तात याव्यात म्हणून असतात ती. हाडं ठणकतात. मग एका हातातून रक्त मशीनमध्ये जातं, हव्या त्या पेशी गाळून उरलेलं दुसऱ्या हातातून परत येतं. चार तास ते मशीनकडे बघत पडून होते. नर्सने विचारलं, "काका, काही त्रास होतोय का?" ते म्हणाले, "मला काय विचारता, मशीनला विचारा." दाब किती, वेग किती, गाळणी कधी बदलता, हे त्यांनी टेक्निशियनला इतक्या वेळा विचारलं की शेवटी त्याने खुर्ची ओढून सगळं मशीन समजावून सांगितलं.

निर्मलाताई तेव्हा काचेपलीकडच्या खोलीत होत्या. जुनी मज्जा औषधांनी मारून टाकलेली, डोक्यावर केस नाहीत. टोमॅटोच्या सारासारखी दिसणारी छोटीशी पिशवी नर्सने टांगली. हरेश्वरदादा काचेबाहेर उभे होते. दोघांनी एकमेकांना पाहिलं. हात कुणीच हलवला नाही. नंतर ताईंनी मला सांगितलं, "मी नर्सला विचारलं, इतकंच दिलं त्यांनी?"

पुढच्या महिन्यांत ताईंचा रक्तगट बदलला. आधी बी होता, भावाचा ओ झाला. हे त्यांना फार लागलं. "त्रेपन्न वर्षं बी होते गो मी," त्या म्हणत. "विचारलंसुद्धा नाय कुणी."

मुंबईतले शंभर दिवस संपवून ताई पेणला परतल्या आणि ही गोळी सुरू झाली. दोन वर्षं घ्यायची. डॉक्टर ते सांगत होते तेव्हा हरेश्वरदादाही खोलीत होते. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं, पण दात्याला कोण बाहेर काढणार? डॉक्टर म्हणाले, प्रत्यारोपण छान झालंय, आता आजार दिसत नाही. पण कुठे चार पेशी लपून राहिल्या असतील तर त्या अडकलेल्या कळीच्या जोरावर पुन्हा उठतील. ही गोळी नेमकी त्या कळीवर जाऊन बसते.

"गोळी घेतली की नक्की नाय येणार?" हरेश्वरदादांनी विचारलं.

"नक्की असं नाही सांगता येत. येण्याची शक्यता बरीच कमी होते."

हे उत्तर त्यांना भलतंच आवडलं. दुकानात येऊन त्यांनी मला तीनदा सांगितलं. "डॉक्टर चांगला हाय. गॅरंटी नाय देत."

तेव्हापासून ते मंगळवारी आणि शुक्रवारी रोह्याहून यायला लागले. कधी एसटीने, कधी पनवेलच्या गाडीने. ताईंच्या पडवीतल्या प्लास्टिकच्या खुर्चीत बसायचे, रिकाम्या पट्ट्या मोजायचे, ताज्या रिपोर्टातले आकडे आपल्या वहीत उतरवायचे आणि जायचे. ताईंशी बोलणं नव्हतंच. बोलायचं असलं तर ते पापड लाटणाऱ्या सुमनमार्फत. ताई तीन हातांवर बसलेल्या असत.

"सुमन, त्यांना सांग, गोळी जेवणाच्या आधी तासभर घ्यायची. जेवणावर नाय."

"सुमन, त्यांना सांग, मला कान हायेत."

सुमन सुरुवातीला दोन्ही निरोप इमानदारीने पोचवी. पुढे पुढे ती नुसती मान इकडून तिकडे वळवी आणि लाटणं चालू ठेवी. बायकांनी त्यांचं नाव दाताच पाडलं होतं. "दाता आले" असं कुणी म्हटलं की ताई डोक्यावरचा रुमाल सारखा करत. मला ते दिसत होतं.

अबोल्याचं कारण आईचं होतं. त्यांची आई रोह्याला हरेश्वरदादांकडे असायची. ती गेली तेव्हा अंबा नदीला पूर आला होता. नागोठण्याला रस्त्यावर पाणी, दोन्ही बाजूंना गाड्या अडकलेल्या, फोन बंद. ताई सकाळपासून निघाल्या होत्या त्या तिथेच राहिल्या. दुसऱ्या दिवशी पोचल्या तेव्हा आईला नेलेलं होतं. "आईचं तोंड बघू दिलं नाय मला," एवढंच ताई म्हणाल्या होत्या. हरेश्वरदादांनी त्याला उत्तर दिलं नव्हतं. त्यावर अकरा वर्षं गेली.

गोळी सुरू होऊन महिना झाला आणि गणपती आले. डॉक्टरांनी दिलेल्या कागदावर लिहिलं होतं, ग्रेपफ्रूट खाऊ नये, गोळीच्या कामात ढवळाढवळ होते. हरेश्वरदादा तो कागद घेऊन माझ्याकडे आले.

"मॅडम, ग्रेपफ्रूट म्हणजे काय?"

मी म्हटलं, आपल्याकडे नसतं. आपल्या पपनसाच्या नात्यातलं आहे.

'नात्यातलं' हा शब्द मी वापरायला नको होता. ते उठले. ताईंच्या घरी मखरावर फळं टांगलेली होती, त्यांतलं पपनस त्यांनी स्टुलावर चढून सोडवलं, पिशवीत घातलं आणि रोह्याला घेऊन गेले. घरात पूजा चालू होती.

"सुमन," निर्मलाताई म्हणाल्या, "त्यांना विचार, मी काय गणपतीच्या डोक्यावरचं खाणार होते?"

"सुमन, त्यांना सांग, लहानपणी खाल्लं व्हतं."

भटजी थांबले. खाल्लं होतं, असं ताईंच्या चेहऱ्यावरून वाटलं.

थंडीत डॉक्टरांनी गोळीची मात्रा वाढवली. रक्त उत्तम होतं, शरीर सोसत होतं. पण दीड महिन्यात ताईंचे तळहात लाल झाले, मग दुखायला लागले, मग बोटांच्या पेरांवर फोड आले आणि कातडी सोलायला लागली. तळपायांचंही तेच. या गोळीने असं होतं, हे मला माहीत होतं आणि ताईंनाही सांगितलेलं होतं. मी मलम दिलं आणि म्हटलं, डॉक्टरांना फोन करा. त्या करते म्हणाल्या. मार्च लागला होता. पापडांचा हंगाम. लग्नघरच्या मागण्या यायला लागल्या होत्या आणि ताईंना लाटणं धरता येत नव्हतं. गच्चीवर बायकांनी पसरलेल्या पापडांकडे त्या गच्चीच्या दारातून बघत उभ्या राहत, पायांत दोन दोन मोजे घालून.

मार्चअखेरीस एका शुक्रवारी हरेश्वरदादा दुकानात आले. त्या दिवशी त्यांनी वजनकाट्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"मॅडम, एक विचारू का? गोळी घेतली की हात सोलतो. बरोबर?"

"बऱ्याच जणांचा सोलतो."

"दोन आठवड्यांपूर्वी सोललेला. आज बघितला. बरा हाय. लाटतेय ती."

"बरंच आहे की."

"पट्ट्या रिकाम्या हायेत," ते म्हणाले. "मोजल्या. एक गोळी कमी नाय, जास्त नाय. दोन काटे हायेत आणि दोन्ही वेगळं बोलतात. मग गोळी गेली कुठं?"

मला हे सुचायला हवं होतं. माझं काम आहे ते.

"तुमी चला," ते म्हणाले. "मी एकटा बोललो तर भांडण होईल."

अकरा वर्षं न बोललेल्या माणसाला भांडणाची काळजी होती. मी शटर अर्धं ओढलं आणि गेले.

ताई पडवीत लाटत होत्या. आम्हाला दोघांना बरोबर बघून सुमनने मान वळवायची तयारी केली. पण हरेश्वरदादा खुर्चीत बसले नाहीत. ताईंच्या समोर जाऊन उभे राहिले.

"निमा," ते म्हणाले, "गोळी कुठं टाकलीस गो?"

नऊ लाटणी थांबली. ताईंनी लाटणं पोळपाटावर आडवं ठेवलं.

"पिठात नाय टाकली. घाबरू नको."

"किती दिवस?"

"वीस."

"कशाला?"

"कशाला म्हणजे? हात बघ माझे. जगायचं तर हातांनी जगते ना मी? तिकडं काचेत ठेवलं, केस गेले, रक्त बदललं तुमी लोकांनी माझं. हातपण नेता? आणि तुला काय पडलंय रे? आईच्या वेळी थांबला नाहीस, आता माझ्या गोळ्या मोजायला बसलास?"

हरेश्वरदादांनी जसे आकडे सांगत तसंच सांगितलं.

"आईला पाच वाजेपर्यंत ठेवली व्हती. बर्फ मिळत नव्हता. दुपारी मी मोटरसायकल घेऊन नागोठण्याला आलो. पाणी छातीएवढं. पलीकडं गाड्या दिसत व्हत्या. तू त्यातच असशील, ठाऊक व्हतं. हाका मारल्या. दीड तास उभा व्हतो. मग परत गेलो."

ताई त्यांच्याकडे बघत राहिल्या.

"मीपण मारल्या हाका," त्या म्हणाल्या. "तुझ्याच नावाने."

"पाण्याचा आवाज व्हता."

"व्हय."

"सांगितलं का नाहीस?" मग ताईंनीच विचारलं.

"तू विचारलंस का कधी?"

सुमन रडत होती. बाकीच्या बायकाही. ही दोघं भावंडं मात्र कोरड्या डोळ्यांनी एकमेकांकडे रागाने बघत होती. हरेश्वरदादा म्हणाले, उद्या सकाळी मुंबईला जायचंय. ताई म्हणाल्या, उद्या माझी लग्नाची ऑर्डर आहे. हरेश्वरदादांनी चपला काढल्या, नळावर कोपरापर्यंत हात धुतले, धोतर खोचावं तशी पँट वर ओढली आणि सुमनच्या शेजारी मांडी घालून बसले.

"मला दे पोळपाट," ते म्हणाले. "तुझे हात नकोत. माझे हायेत."

त्यांचा पहिला पापड कसा होता ते मी सांगत नाही. ताईंनी तो उजेडाकडे धरला. खिडकी तर दिसली नाहीच, उजेडही दिसला नाही. तो परत पिठात गेला. पुढचे सतराही गेले.

डॉक्टर रागावले नाहीत. म्हणाले, हात इतके सोलले होते तेव्हाच मला सांगायचं. अशा वेळी आपणच थोडे दिवस थांबवतो, मात्रा कमी करतो, सोसेल तेवढी देतो. पण परस्पर बंद करायची नाही. वीस दिवस ही कळ मोकळी राहिली. आता मज्जा तपासू.

मज्जेचा रिपोर्ट यायला दहा दिवस लागतात. त्या दहा दिवसांत हरेश्वरदादा रोज आले. पापड लाटत आणि मध्ये एकदा माझ्याकडे येऊन बाकावर बसत. एकदा विचारलं मी, काळजी वाटतेय का?

"माझ्या पेशी हायेत," ते म्हणाले. "आजार परत आला तर बाकीचे आजाराला बोलतील. डॉक्टर नशिबाला बोलेल. मी कुणाला बोलू?"

मी म्हटलं, तुमच्या पेशींचा दोष नसतो त्यात.

"बॉयलर बंद पडला की बॉयलरचा दोष नसतोच, मॅडम. पाळीवर कोण व्हता ते विचारतात."

हे एवढंच ते कधी स्वतःविषयी बोलले असतील. मग तास भरला म्हणून उठले आणि वजनकाट्यावर टकटक केलं.

रिपोर्ट स्वच्छ आला. आजाराचा मागमूस नाही. त्याच्याबरोबर आणखी एक कागद होता. ताईंच्या रक्तात त्यांच्या स्वतःच्या पेशी किती आणि भावाच्या किती, याचा. त्यात इंग्रजीत लिहिलं होतं, दाता शंभर टक्के. हरेश्वरदादांनी तो कागद माझ्याकडून दोनदा वाचून घेतला, बाजारात जाऊन लॅमिनेट करून आणला आणि बायकांना दाखवला.

"दहावीला बेचाळीस व्हते," ते म्हणाले. "शंभर पहिल्यांदाच."

"माझं रक्त घालवून मिळवलेत," ताई म्हणाल्या. पण त्या आता थेट म्हणाल्या. सुमनला आराम पडला.

कमी मात्रेवर ताईंचे हात टिकले. थोडे लाल राहत, मलम लावावं लागे, मऊ चपला घालाव्या लागत, पण लाटणं धरता येई. बोलणं सुरू झाल्यावर दोघांची भांडणंही सुरू झाली, आणि अकरा वर्षांचं साचलेलं असल्यामुळे त्यांना विषयांची कमी नव्हती. लहानपणी मिठागरावर बापाचा डबा कोण घेऊन जायचं, हा एक वाद तर माझ्या माहितीत चार महिने चालला. हरेश्वरदादा दुसऱ्या हंगामातही लाटायला बसले. त्यांचे पापड पातळ झाले, गोल कधी झाले नाहीत. ताई ते वेगळे ठेवत आणि घरी खात. विकायच्या लायकीचे नाहीत, म्हणत.

दोन वर्षं पुरी झाली आणि डॉक्टरांनी गोळी थांबवली. आता दर तीन महिन्यांनी रक्त तपासा, म्हणाले. हरेश्वरदादा शेवटचं रिकामं पाकीट मला दाखवायला घेऊन आले. मी अभिनंदन केलं. त्यांना काही ते पटलं नाही. "तीन महिने म्हणजे लांब हाय," म्हणाले. मोजायला काही नव्हतं, तरी मंगळवार आणि शुक्रवार त्यांनी सोडले नाहीत.

ते गेले त्याच्या पुढल्या मे महिन्यात. रोह्याला, दुपारी जेवून आडवे झाले आणि उठलेच नाहीत. हृदय, म्हणाले. काहीच सांगत नसत, त्यामुळे कुणाला काही कळलं नव्हतं. छातीत दुखतंय असं एकदा प्रसादला म्हणाले होते आणि वर, पापड लाटून दुखत असेल, असंही. तेराव्यानंतर महिन्याभराने निर्मलाताई दुकानात आल्या. त्यांच्या तिमाही तपासणीचे कागद हातात होते. इंग्रजी त्यांना वाचता येत नाही.

"बघ गो," त्या म्हणाल्या. "हाय ना?"

मी वाचलं. "आहे."

"किती?"

"शंभर."

त्यांनी कागद घडी करून ब्लाउजमध्ये ठेवला आणि हाताला लावायचं मलम मागितलं. आता त्याची गरज नव्हती. मी दिलं.

मला हरेश्वरदादा आठवतात ते मात्र ते गेले त्या वर्षीच्या जानेवारीतले. अलिबागला परवान्याचं काम होतं म्हणून सकाळी पेणच्या स्टँडवर उभी होते. ते बाकावर बसलेले दिसले. शेजारी चाळिशीची एक बाई, नागोठण्याकडची. मुंबईच्या हॉस्पिटलातल्या समाजसेविका बाईंनी हरेश्वरदादांचा फोन नंबर घेऊन ठेवला होता, घाबरलेल्या नातेवाइकांना द्यायला. या बाईच्या भावाला तोच आजार होता आणि हिच्या पेशी जुळल्या होत्या. मी मागच्या बाकावर बसले. हाक मारली नाही.

"दुखतं का हो?" ती विचारत होती.

"दुखतं. हाडं ठणकतात. चार-पाच दिवस."

"आणि मशीनवर?"

"मशीनवर कंटाळा येतो."

ती खाली बघून म्हणाली, "आमचं दोघांचं पटत नाय तसं."

"मशीनला त्याचं काय नाय."

"आणि एवढं करून परत आला तर आजार?"

एक गाडी आली, धुरळा उडवून गेली.

"येऊ शकतो," ते म्हणाले. "म्हणून मग गोळ्या असतात, तपासण्या असतात. नेमाने घेतो का ते बघायला जायचं. आपण."

"किती दिवस जायचं?"

"ते नाय ठाऊक," ते म्हणाले. "मी अजून जातो."

माझी अलिबागची गाडी लागली. खिडकीतून पाहिलं तेव्हा बाईने तिकिटाच्या मागची कोरी बाजू त्यांच्यापुढे धरली होती आणि ते त्यावर पेनने काहीतरी काढून दाखवत होते. बहुतेक मशीन असावं. दोन नळ्या काढल्या, मध्ये एक चौकोन काढला, आणि चौकोनावर एक गोल काढून त्यात, अगदी जपून, काटा काढला. बाई वाकून बघत होती.